उजवा कौल

शकुवहिनींनी डोक्यावर हात ठेवला तेव्हा नलिनीला आधी वाटलं, केसांत काहीतरी पडलंय आणि त्या ते काढताहेत. नाहूरच्या त्या इमारतीत भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या या बाईने नलिनीच्या अंगाला आजवर फक्त जिभेने हात लावला होता. जिन्यात नलिनी समोरून आली की त्या मुद्दाम भिंतीला चिकटून उभ्या राहत आणि म्हणत, "जा बाई, आधी तुझी वरात जाऊ दे." गच्चीत तिचा एखादा आतला कपडा वाळत दिसला की पापड घालणाऱ्या बायकांना विचारत, "काय गं, ही बाजाराची पिशवी कुणाची?" आणि आज रविवारी सकाळी, भरलेली कळशी खाली ठेवून, ओला हात तिच्या डोक्यावर ठेवून त्या रडत होत्या. नाटक नव्हतं. नाकाच्या शेंड्यापर्यंत पाणी आलं होतं. "घाबरू नको पोरी," त्या म्हणाल्या, "माझ्या मावससासूला पण झाला होता. दोन्ही काढले. दहा वर्षं जगली ना त्याच्यानंतर! नातवंडं बघितली." नलिनीने मान हलवली. काय झालं होतं मावससासूला, हे विचारायची गरज नव्हती. असं रडू बायकांना एकाच रोगासाठी येतं. ती घरात आली आणि दार लावून घेतलं.

आई ओट्याखाली बसून नारळ खवत होती. नलिनीने विचारलं, "शकुवहिनींना काय सांगितलंस तू?" विळीचा आवाज थांबला नाही. "शकूक मी कायएक सांगूक नाय." "मग त्या रडतात कशाला?" "रडांदे. हसता तेव्हा बरा वाटता तुका?" आईने करवंटी फिरवून घेतली, उरलेलं खोबरं खरवडलं आणि मग खाली बघूनच म्हणाली, "मी देवाक सांगलंय. आता देवाच्या देवळात चार माणसां असतत, तेका मी काय करू?"

ऑपरेशन करायचं ठरलं तेव्हा आईने एकच अट घातली होती. देवाला विचारल्याशिवाय अंगाला सुरी लावायची नाही. नलिनीने ती हसत कबूल केली होती. देव तिच्या ओळखीचा होता. लहानपणी मे महिन्यात गावी गेलं की ती आजोबांबरोबर देवळात जायची. पुढे मानकरी गाऱ्हाणं घालायचा, 'बा देवा म्हाराजा' करून एकेक मागणं सांगायचा, आणि प्रत्येक मागण्यामागे सगळ्यांनी मिळून 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मागणं एकाचं, पण रुकार सगळ्यांचा. रुकार आला नाही तर गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही, असं आजोबा सांगायचे. नलिनीचा आवाज सगळ्यांत मोठा असायचा. "खंयच्या चेडवाचो आवाज ह्यो?" म्हणून म्हातारे मागे वळून बघायचे आणि तिला धन्य वाटायचं. मग गुरव पाषाणावर डाव्या-उजव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायचा आणि सगळे श्वास रोखून उभे राहायचे. उजवी पाकळी आधी पडली की देवाचा होकार. डावी पडली की झालं, कामाची वाट लागली. आई नोव्हेंबरात जत्रेला निघाली तेव्हा नलिनीने तिला प्रश्नसुद्धा पढवला होता. ऑपरेशन करावं की नाही, एवढंच विचार. पुढचं काही बोलू नकोस.

"तेवढाच इचारलंय," आई म्हणाली. "तर गुरव म्हणता, कसला ऑपरेशन? देवाक समजाक नको? पाठीमागे सगळे मानकरी उभे. तो मंडळाचो राजाराम उभो. थंय मी काय सांगू? चेडवाची छाती जड झाली हा, जरा हलकी करून दी रे म्हाराजा?" आईने पहिल्यांदा वर बघितलं. "तोंडातसून आपसूक इला. गाठ इली हा, म्हटलंय. आणि देवान उजवो दिल्यान. गुरवान हात काढूक नाय, तर पाकळी खाली."

आणि मग जत्रा आटपून परतणाऱ्या एसटीत बसून ती गाठ मुंबईला आली. गावाच्या मंडळाची माणसं मुलुंडला, भांडुपला, कांजूरला, सगळीकडे पसरलेली. गाठ त्यांच्या घरोघरी गेली, चहा पिऊन पुढे निघाली आणि शेवटी शकुवहिनींच्या कळशीपाशी येऊन थांबली. ज्या घरातून निघाली त्या घरात तेवढी सगळ्यांत उशिरा पोचली. "बाबांना तरी खरं सांगितलंस ना?" नलिनीने विचारलं. आई खोबरं ताटलीत काढत होती. "तेंका काय सांगू? बापाशीक सांगूची गोष्ट ही?"

म्हणजे बाबांनाही गाठच माहीत. महिनाभर ते दाढी करत नव्हते, सोमवारी जेवत नव्हते, आणि नलिनीला वाटत होतं की गिरणीचं दुखणं अजून पोटात आहे. संपानंतर दशरथ परब यांची गिरणी गेली, लालबागची खोली गेली, आणि नाहूरच्या या दोन खोल्यांत ते एका कंपनीच्या फाटकावर बसणारे वॉचमन झाले. बोलणं तेव्हापासून कमी झालं असं लोक म्हणत. नलिनीशी त्यांचं बोलणं त्याच्या कितीतरी आधी कमी झालं होतं. ती एकोणीस वर्षांची झाली, नोकरीला लागली, आणि एक दिवस तिच्या लक्षात आलं की बाबा आपल्याशी बोलताना भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघतात. पाणी मागायचं ते कॅलेंडराकडे, पगार झाला का विचारायचं ते कॅलेंडराकडे. भला माणूस होता म्हणूनच बघत नव्हता, हे तिला कळत होतं. पण ज्या गोष्टीकडे रस्त्यावरचा प्रत्येक माणूस बघतो आणि घरातला एकमेव पुरुष बघत नाही, ती गोष्ट मग सगळ्या घरभर होऊन बसते. तिने कधी तक्रार केली नाही. कुणाकडे करणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तोही आपल्याच अंगाचा.

कांजूरमार्गच्या औषधांच्या कारखान्यात ती पॅकिंगला होती. पट्ट्यावरून गोळ्यांची पाकिटं येत, ती खोक्यात भरायची. सगळ्यांना तयार मापाचे पांढरे कोट मिळत, हिचा तेवढा शिंप्याकडून वेगळा शिवून यायचा, आणि कोट वाटणारा माणूस दरवर्षी हिचं नाव शेवटी आणि मोठ्यांदा पुकारायचा. दिवसभर पुढे वाकून उभं राहायचं. दुपारनंतर मान धरायची, मग खांदे, मग उजव्या हाताची बोटं बधिर व्हायची आणि पाकिटं निसटायची. खांद्यांवर आतल्या कपड्याच्या पट्ट्यांनी दोन खोबण्या पाडल्या होत्या. उन्हाळ्यात खाली घामोळं उठायचं, कातडी सोलवटायची. ती पावडर लावून हातरुमालाच्या घड्या ठेवायची आणि संडासात जाऊन त्या बदलायची. या सगळ्याला तिची हरकत नव्हती म्हटलं तरी चालेल. माणूस कशालाही सरावतो. तिला एकच गोष्ट हवी होती, आणि ती इतकी क्षुल्लक होती की डॉक्टरांसमोरसुद्धा बोलायची लाज वाटली. तिला पालथं झोपायचं होतं. हात डोक्याखाली घेऊन, गाल चटईला टेकवून, पोटावर. सगळं जग झोपतं तसं. कारखान्याच्या डॉक्टरांनी तिला घाटकोपरच्या एका सर्जनकडे पाठवलं तेव्हा शेवटी तिने धीर करून ते विचारलं. सर्जन न हसता म्हणाले, "तीन महिन्यांनी झोपाल की. एका बाजूचं सहाशे-सातशे ग्रॅम काढू." मग त्यांनी तिला भिंतीपाशी उभं करून समोरून, बाजूने फोटो घेतले. "चेहरा येणार नाही," ते म्हणाले. ती मनात म्हणाली, कधी येत होता? पण त्या माणसाच्या बघण्यात काही नव्हतं. सुतार फळीकडे बघतो तसं तो बघत होता. घरी येताना तिला कितीतरी दिवसांनी भूक लागली.

आता सगळ्यांना खरं सांगायला हवं होतं. शकुवहिनींचं दार ठोठावायचं आणि म्हणायचं, वहिनी, कॅन्सर नाही, गाठ नाही, पिशवी लहान करून घेतेय. ती आईला तसं म्हणाली. "सांग," आई म्हणाली, "जा. सोसायटीच्या बोर्डावर लाव." नलिनी गेली नाही. त्या दिवशी गेली नाही, दुसऱ्या दिवशीही गेली नाही, कारण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती कारखान्यातून परतली तेव्हा पानवाल्यापाशी नेहमीची टोळी उभी होती, आणि तिला बघून टोळीने माना खाली घातल्या. एकाने तर विडी पाठीमागे लपवली, जसं काही एखादी प्रेतयात्रा चालली होती. नलिनी तिथून चालत गेली. पदर ओढला नाही, पर्स छातीशी धरली नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा तिने त्या नाक्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचल्या. तिथे एक चष्म्याचं दुकान होतं हे तिला माहीतच नव्हतं. मरणाऱ्या बाईकडे कुणी तसं बघत नाही. ही सवलत एवढी मोठी होती की तिने ती मुकाट्याने घेतली.

घरी बाबा संत्रं सोलत बसले होते. त्यांनी एकेक फोड साफ केली, बी काढलं, आणि फोड तिच्या हातात देताना तिच्याकडे बघितलं. तोंडाकडे. "खा," ते म्हणाले, "ताकद येईल." त्यांच्या गालांवर पांढरे खुंट वाढले होते आणि डोळे लाल होते. नलिनीच्या जिभेवर शब्द आले होते. बाबा, मला काही झालेलं नाही. एवढं म्हटलं असतं तर म्हातारा त्या रात्री झोपला असता. पण मग उद्यापासून पुन्हा कॅलेंडर. तिने फोड तोंडात टाकली. गोड होती. रोज संध्याकाळी एक संत्रं असं चालू झालं, आणि आपला बाप रोज थोडा थोडा खंगतो आहे हे डोळ्यांनी दिसत असताना ती रोज ते खात राहिली. आपण दुष्ट आहोत हे तिला कळत होतं. कळलं म्हणून कुणी संत्रं खायचं सोडत नाही.

हॉस्पिटलाने रक्ताच्या दोन बाटल्या भरून द्यायला सांगितलं होतं. ही बातमी मंडळाला लागली आणि पुढच्या रविवारी राजाराम चार माणसं घेऊन दारात उभा राहिला. राजाराम मंडळाचा सेक्रेटरी. गावी एका पालखीच्या गर्दीत, नलिनी बावीस वर्षांची असताना, त्याचं कोपर तिच्या छातीत रुतलं होतं आणि तिने मागे बघितलं तेव्हा तो देवाकडे तोंड करून हात जोडत होता. पुढे किती वर्षं तरी मंडळाच्या हळदीकुंकवाला ती गेली की बाहेरच्या पोरांत त्याचा आवाज यायचा, "इलो रे, डोंगर इलो." तोच राजाराम आता चहाचा कप दोन्ही हातांत धरून बाबांना सांगत होता, "दशरथकाका, रगात कमी पडूचा नाय. दोन बाटल्यो मागल्यान, आम्ही चार देतंव." पोरं मान डोलवत होती. आई पदर तोंडाला लावून आत उभी होती. जाताना राजाराम जिन्यात थांबला आणि नलिनीला म्हणाला, "जरा ये गो भायर." ती गेली. तो तिच्या पायांकडे बघत होता. "नलू, माका माफ कर. मी लय वायट बोललंय तुका. त्या पालखीक पण..." त्याला पुढे बोलता येईना. केस विरळ झाले होते, पोट सुटलं होतं, दोन मुलींचा बाप होता. "घरात झोप नाय माका. वाटता, माझीच नजर लागली तुका. तेनाच ही गाठ इली. खरा सांग, असा असात काय?"

नलिनीला हसू यायला हवं होतं. आलं नाही. इतकी वर्षं ज्याच्यासाठी तिने अंथरुणात शब्द जुळवले होते, तो माणूस स्वतःच सुरी धुऊन, पुसून तिच्या हातात देत होता. नाही रे, असं कुठे असतं, म्हणायचं होतं. तिने थोडा वेळ घेतला, जणू विचार करतेय. "लागली असेल," ती शांतपणे म्हणाली. राजारामने जिन्याचा कठडा धरला. तो कठडा धरूनच खाली उतरला. त्या संध्याकाळी देवाला नमस्कार करायचं तेवढं तिने टाळलं. बाकी ती छान जेवली.

आईचं मात्र बिनसत चाललं होतं. आधी तिला वाटलं होतं, खोटं लोकांना सांगितलंय, लोकांचं काय. मग एका पहाटे ती उठून बसली आणि म्हणाली, "नलू, देवान उजवो कित्याक दिल्यान?" "म्हणजे?" "मी सांगलंय गाठ हा. देव म्हणाला व्हय. आता गाठ नाय गावली, तर खोटा कोण पडला? देव तर पडाचो नाय." नलिनी कूस बदलून म्हणाली, "झोप आई." "मी पडतलंय. माझ्यावर पडतला. नायतर तुझ्यावर." पुढे पुढे ती हे स्वयंपाक करताना बोलू लागली, तांदूळ निवडताना बोलू लागली. एकदा नलिनीने वैतागून म्हटलं, "मग आधी खरं बोलायचं होतंस. तुला माझी एवढी लाज वाटते?" आईचा हात थांबला. "तुझी?" ती म्हणाली. "माझ्याच अंगावर गेलंस तू. मी चाळीस वर्षां वागवलंय ह्या. माका कोणी इचारल्यान, वनमाला, तुका जड होता काय?" नलिनीने तेव्हा पहिल्यांदा आईच्या खांद्यांकडे बघितलं. चोळीखाली तिथेही दोन खोबण्या असणार. एवढी वर्षं एका घरात कपडे बदलले आणि बघितल्या नव्हत्या.

जानेवारीत ती हॉस्पिटलात दाखल झाली. दोन खाटांची खोली, दुसरी खाट रिकामी. बाबा आले नाहीत. त्यांना सोसणार नाही म्हणाले, आणि देवळात जाऊन बसले. संध्याकाळी सर्जन आले, सगळं समजावून सांगितलं, आणि जाता जाता म्हणाले, "जे काढू ते तपासायला लॅबमध्ये पाठवतो. नियमच आहे." आई स्टुलावरून उठली. "म्हंजे डॉक्टर, आत गाठ असली तर गावतली?" "असली तर सापडेल. पण तसं काही नाहीये, आजी. उगाच काळजी करू नका." डॉक्टरांनी तिच्या पाठीवर थोपटलं आणि ते गेले. आई बराच वेळ दाराकडे बघत राहिली. तिच्या तोंडावर जे आलं होतं त्याला काळजी म्हणता आलं नसतं. बाजारात शेवटच्या टोपलीत चांगला मासा दिसावा तसं काहीतरी होतं ते.

सकाळी सर्जननी तिला उभं करून शाईने खुणा केल्या. जांभळ्या रेघा, खालून वर, वळणं घेत. कुठून कापायचं, कुठे जोडायचं. शाई गार लागत होती. ते गेल्यावर ती हिरवा झगा घालून खाटेवर बसली आणि खाली बघितलं तर झग्यातून रेघा दिसत होत्या, जमिनीचा तुकडा मोजून ठेवावा तशा. थोड्या वेळाने नर्स कागद घेऊन आली. नलिनीने सही केली. नर्सने कागद आईपुढे धरला, "नातेवाइकांची इथे. लवकर हां आजी, थिएटर तयार आहे," आणि ती ट्रॉली आणायला गेली. आईने पेन हातात घेतलं आणि तसंच धरून बसली. "आई, कर ना." "करतंय. आधी गाऱ्हाणा." "आता?" "बापूस घालूक नाय, मी घालतलंय. तू रुकार दी." "बायका गाऱ्हाणं घालतात का कधी?" "हकडे कोण हा बघूक?" आईने पेन मांडीवर ठेवलं आणि खिडकीकडे तोंड करून हात जोडले. बाहेर हॉस्पिटलच्या लाँड्रीच्या चादरी वाळत होत्या.

"बा देवा म्हाराजा," आई म्हणाली. आवाज देवळातल्यासारखा लागला. "आज तुझा लेकरू तुझ्या पायाकडे इला हा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," नलिनी पुटपुटली.

"ह्या डॉक्टराच्या हाताक येश दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"लेकराक सुखरूप भायर काढ, तेचा आयुष्य वाढव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

आईने श्वास घेतला. "आणि ह्या म्हातारेन तुझ्या पाषाणासमोर जा सांगलंय, ता खरा करून दाखव रे म्हाराजा. एक गाठ गावांदे. ल्हानशी. राईएवढी. इखारी नको, साधी. पण गावांदे. तुझो शब्द रव्हांदे, माझी लाज रव्हांदे रे म्हाराजा."

आई डोळे मिटून, हात जोडून थांबली होती. ही बाई, जिने आपल्याला पाजलं, ती आपल्या छातीत गाठ मागत होती, आणि मागताना भाव करत होती, राईएवढी, साधी. नलिनीला ओरडावंसं वाटलं. आईच्या मांडीवर पेन होतं. रुकार आल्याशिवाय ते उचललं जाणार नाही हे स्पष्ट होतं. उठावं आणि नर्सला सांगावं, सही नको, काही नको, जाते मी. मग नाहूर. मग गाठ नाही हे सगळ्यांना कळणार. शकुवहिनी पुन्हा भिंतीला चिकटणार, पानवाल्यापाशी माना वर होणार, राजाराम सुटकेने हसणार, आणि दुप्पट हसणार. बाबा दाढी करतील आणि कॅलेंडराकडे बघून विचारतील, बरं आहे ना आता? आणि पालथं झोपणं तर नाहीच. आपण सहीसाठी बोलणार आहोत, नलिनीने स्वतःला सांगितलं, फक्त सहीसाठी. पण ते खरं नव्हतं आणि तिला ते ठाऊक होतं. सही नसती, पेन नसतं, तरीही तिला ती गाठ हवी होती. लहानशी. राईएवढी. म्हणजे संत्रं बंद होणार नव्हतं.

"व्हय म्हाराजा!" ती म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला की बाहेरच्या पॅसेजमध्ये ट्रॉलीची चाकं थांबली.

आईने डोळे उघडले आणि मागे वळून कितीतरी वर्षांनी लेकीकडे कौतुकाने बघितलं. मग पेन उचलून, एकेक अक्षर जोडत, तिने सही केली.